रेशमातली खडी

डेट्रॉइट,
९ फेब्रुवारी १९९७

चि. अलोंझो यास,

ताईचे आशीर्वाद, आणि त्यांच्या मागोमाग ताईची कटकट, वि. वि.

तुझा लव्हेल सुखरूप पोचला. बसमधून उतरला तेव्हा एका हातात बॅग होती आणि दुसऱ्या हातात सॅक्सोफोन, तान्हं मूल धरावं तसा छातीशी धरलेला. अंगात कोट नाही. डेट्रॉइटला फेब्रुवारीत कोट लागतो हे बर्मिंगहॅममध्ये अजून कोणाला कळलेलं दिसत नाही. त्याला माझ्या नवऱ्याचा, क्लीओटिसचा, ओव्हरकोट दिला आहे. तो गेल्यापासून कपाटात नुसता टांगलेला होता.

मुलगा गुणी आहे, ताटात टाकत नाही, रविवारी चर्चला उठवावं लागत नाही. पण तळघरात तो आणि माझा टायरी मिळून जे करतात त्याला ते गाणं म्हणतात. तुझा लेक काकवीसारखं गोड गोड वाजवतो आणि माझा लेक त्यावर बोलतो. गात नाही, बोलतो. यमकं जुळवत, हात उडवत, कोणी त्याचं पार्किंग बळकावल्यासारखा. अर्धं जॅझ आणि अर्धं हिप-हॉप. जॅझ आपण ऐकलंय अलोंझो, त्यात घाम असायचा. ह्यांचं जॅझ म्हणजे दाताच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघताना वाजतं तसलं. त्याला ‘स्मूद’ म्हणतात म्हणे. गुळगुळीत म्हणजे काय ते मला माहीत आहे, मी बाथरूममध्ये दोनदा पडले आहे.

जोडीला नावही ठेवलंय, ‘सिल्क अँड ग्रॅव्हल’. रेशीम आणि खडी. ह्यातलं रेशीम कोण ते मी विचारलं नाही. माझ्या पोटी खडी आली हे ह्या वयात समजायचं होतं.

आता एक गोष्ट हसण्यावारी न नेता वाच. बाप गेल्यापासून टायरी घरात बोलायचा बंद झाला होता. जेव म्हटलं की जेवायचा, कामावर जा म्हटलं की जायचा, हो आणि नाही ह्यापलीकडे शब्द नाही. लव्हेल आल्यापासून तळघरातून त्याचा आवाज येतो. तो जे बोलतो ते मला अजिबात पटत नाही. पण बोलतो. म्हणून झाडूच्या दांड्याने वरून जमीन ठोकायचं मी सोडून दिलंय.

गुडघ्याला तेल लावत जा. लोभ आहेच, तो पत्राच्या उत्तरातून दिसू दे.

तुझी ताई,
व्हर्डीन


बर्मिंगहॅम, अलाबामा,
२ मार्च १९९७

ती. ताईस,

वाकून नमस्कार केला असता, पण गुडघा ऐकत नाही, तेव्हा उभ्यानेच नमस्कार वि. वि.

तुझं पत्र दुकानात मोठ्याने वाचलं. बाथरूमच्या वाक्याला दाढीचा साबण लावलेली माणसंसुद्धा हसली. पण ताई, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं हे तुलाही सुटलं नाही बरं. लव्हेलच्या वाजवण्याला तू दाताचा डॉक्टर म्हणतेस? त्याने मला टेप पाठवली आहे, नुसत्या सॅक्सोफोनची. ती लावली की चर्चचे डीकन हॉब्सन खुर्चीतून उठत नाहीत, केस कापून झाले तरी. असं वाजवणाऱ्याला वर जायला वेळ लागणार नाही.

टायरीवर माझा राग नाही, भाचा आहे माझा. पण ती यमकांची बडबड मी दुकानात कधी वाजू दिली नाही, तशी पाटीच लावली आहे आरशावर. वयाची पंचविशी आली, पोस्टात चिकटव त्याला, नाहीतर सिटी बसवर. लव्हेलला लांब पळायचं आहे, त्याच्या पाठुंगळीला कोणी बसलेलं असू नये एवढंच बापाचं मागणं. तुला लागलं तर माफ कर, पण पोटातलं ओठावर आलं.

इकडे सगळं ठीक. तुझ्यासाठी पीचचं लोणचं घातलंय. कोणी येणारं भेटलं की पाठवतो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
अलोंझो


डेट्रॉइट,
२१ सप्टेंबर १९९७

चि. अलोंझो यास,

आशीर्वाद. मागच्या पत्राबद्दल दोन धपाटेही राखून ठेवले आहेत, ते भेटल्यावर देईन, वि. वि.

तुझं रेशीम आणि माझी खडी ह्यांना एका रेकॉर्ड कंपनीने धरलं. कंपनीचे मिस्टर प्रेस्कॉट घरी जेवायला आले होते. पायात मोजे नव्हते. माझ्या मॅकरोनीला ‘अस्सल’ म्हणाले आणि दोन घास खाऊन बाजूला सारली. अस्सल गोष्टींचं ह्या लोकांकडे असंच होतं.

परवा नदीकाठी त्यांचा कार्यक्रम होता, मला नेलं. गवतावर पांढरे कपडे घातलेली माणसं, प्रत्येकाच्या हातात वाइनचा पेला आणि चीजचा तुकडा. लव्हेल वाजवत होता तेव्हा लोक एकमेकांना घरांच्या किमती सांगत होते. ह्या संगीताची खुबी हीच दिसते, की ते चालू असताना ऐकावं लागत नाही. मग टायरी माइकपुढे आला आणि पेले थांबले. काही माणसं चीजसकट उठून गेली, काही पुढे सरकली. ऐकलं मात्र सगळ्यांनी. जाणाऱ्यांनीसुद्धा.

गाण्याचं नाव ‘लिनवुडचा कोपरा’. मधलं सोळा ओळींचं कडवं टायरीचं आहे, आणि ते माझ्यावर आहे. आधी विचारायची पद्धत नाही. मी चर्चच्या दारात पांढरे हातमोजे घालून अशर म्हणून उभी असते, लोकांना जागेवर बसवते, ते सगळं त्याने त्यात घातलंय. ‘आई उभी दारात, पांढरे मोजे हातात, देवही आला उशिरा तर बसेल मागच्या बाकात.’ अशर मंडळातल्या बायकांनी ऐकलं तर मला तोंड दाखवायला जागा नाही. मी त्याला सांगितलं, एकदा ऐकलं, पुरे झालं, पुन्हा माझ्यासमोर म्हणू नकोस. पुढचं मला आठवतही नाही.

गाडीत येताना तो सबंध रस्ता बडबडत होता. बाप होता तेव्हा असा बोलायचा.

रेकॉर्ड निघेल वसंतात. दुकानात लावशील तेव्हा ती पाटी काढ.

लोभ होता तेवढा आहे, फार वाढवू नये, डोक्यावर बसतो.

ताई


बर्मिंगहॅम,
२६ एप्रिल १९९८

ती. ताईस,

नमस्कार वि. वि.

एक गंमत लिहितो, तुझं हसून पोट दुखेल. इथल्या स्मूद जॅझच्या रेडिओ स्टेशनने गावातली शंभरेक माणसं हॉटेलात बोलावली होती, गाणी पारखायला. दुकानातल्या गिऱ्हाइकाने माझंही नाव दिलं. जेवण फुकट, भाजलेल्या बरगड्या मात्र मी करतो त्यापेक्षा वाईट. प्रत्येकाच्या हातात एक डबी, तिला फिरवायचं बटण. गाण्याचे तुकडे ऐकवतात, नावगाव काही सांगत नाहीत, आणि तुकडाही असा की शिंक आली तर हुकावा. आवडलं तर बटण वर, नाही तर खाली. ह्यावरून म्हणे ठरतं, रेडिओवर काय वाजायचं. मी नवा सूट घालून गेलो होतो.

ताई, मी अगदी प्रामाणिकपणे पारख केली. मध्येच एका पोराची बडबड लागली, चर्चबद्दल काहीतरी. हातमोजे काय, देव काय, देवाला मागे बसवतो काय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बटण असं पिळलं की शेजारच्या मिसेस ओडम माझा हात धरून म्हणाल्या, अहो मिस्टर टॉलिव्हर, तुटेल ते. सगळ्या हॉलने खालीच फिरवलं असणार, कारण बायका माना हलवत होत्या.

आणि पुढे थोड्या वेळाने एक सॅक्सोफोनचा तुकडा लागला, नुसता सॅक्सोफोन. काय सांगू, लव्हेलच वाजवतोय असं वाटलं. बटण वर नेऊन तिथेच दाबून धरलं. कोण वाजवणारा आहे देव जाणे, पण त्याच्या बापाला माझा सलाम.

जुलैत घराण्याचा मेळावा इथे आहे हे ध्यानात ठेव. टी-शर्ट ह्या वर्षी जांभळे. बटाट्याचं सॅलड तूच आण, मागच्या वेळी ज्यांनी केलं होतं त्यांना पुन्हा करू द्यायचं नाही असं सर्वानुमते ठरलंय.

मायेत असू दे.

तुझा,
अलोंझो


डेट्रॉइट,
३ मे १९९८

अलोंझो,

आशीर्वाद वगैरे पुढच्या पत्रात.

ते हातमोजे माझे आहेत.

ती बडबड करणारा पोरगा तुझा भाचा, आणि तो वाजवणारा, ज्याच्या बापाला तू सलाम केलास, तो तुझा मुलगा. गाणं एकच आहे. दोन्ही तुकडे ‘लिनवुडचा कोपरा’चे. कंपनीला बघायचं असेल की लोकांना खडी घातलेलं हवं की खडी वेचून काढलेलं. तू नवा सूट घालून जाऊन सांगून आलास.

बिनओळखीच्या माणसाने केलं असतं तर मी काही म्हटलं नसतं. पण तू न्हावी आहेस, केसाने गळा कापणं तुला इतकं सहज जमावं? माझं वर्णन ऐकून तुला मी आठवले नाही? देवाला मागे बसवणारी दुसरी कोण बाई आहे तुझ्या माहितीत?

टायरीला काही माहीत नाही. रेकॉर्ड निघणार म्हणून त्याने शर्ट शिवायला टाकलाय. लव्हेल मेळाव्यापर्यंत तुमच्याकडेच राहायला गेलाय, त्याला समोर बसव आणि विचार, कंपनी काय करणार आहे. मग मला लिही.

ताई


बर्मिंगहॅम,
१४ जून १९९८

ती. ताईस,

खाली मान घालून नमस्कार वि. वि.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी डबी हातात घेऊन केलं. तुझं पत्र आलं त्या दिवशी एका गिऱ्हाइकाची अर्धी मिशी उडवली. वय झालं तरी अक्कल यायची तेव्हाच येते.

लव्हेलला विचारलं. त्याने आधी बूट बघितले, मग छत बघितलं. कंपनीने कडवं काढून टाकलंय, ताई. तिथे सॅक्सोफोनच लांबवलाय. मिस्टर प्रेस्कॉटनी त्याला सांगितलं की असं केलं तर रेडिओवर जाईल, नाही तर रेकॉर्ड गोदामात राहील. त्याने सही केली. टायरीला विचारलं नाही, कारण जोडीच्या करारावर सॅक्सोफोनवाल्याची एकट्याची सही चालते. असं का, ते मला समजलं नाही, त्यालाही समजलेलं दिसलं नाही.

इथल्या स्टेशनवर गाणं वाजायला लागलंय. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा वाजलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग तुझं पत्र आठवलं आणि रेडिओ बंद केला. थोड्या वेळाने पुन्हा लावला.

तुमच्याकडे ते अजून लागलेलं नाही. लव्हेल म्हणतो, मेळाव्याला टायरी आला की पहिल्या दिवशीच बाजूला नेऊन मी स्वतः सांगेन, भावाला फोनवर सांगायची ही गोष्ट नाही. त्याला एवढी संधी दे. तू आधी बोलू नकोस, पाया पडतो.

तुझा अपराधी,
अलोंझो


डेट्रॉइट,
१२ जुलै १९९८

चि. अलोंझो यास,

आशीर्वाद देते, कारण आईला शब्द दिला होता की भांडले तरी आशीर्वाद थांबवणार नाही, वि. वि.

तू मेळाव्यात मांस भाजायच्या भट्टीपाशी पाठमोरा होतास, धुरात. तुला जे दिसलं नाही ते लिहिते, म्हणजे कोणी तुला गोड करून सांगायला नको.

लव्हेलने पहिल्या दिवशी सांगितलं नाही. पहिल्या दिवशी मासे तळायचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो होता. तुझ्या लेकाला सॅक्सोफोनमध्ये फुंकायला छाती आहे, तोंडाने दोन वाक्यं बोलायला नाही. मी तुझं ऐकून गप्प बसले, हा माझा गाढवपणा.

जेवणं उरकल्यावर तू ठरवलेला तो डीजे म्हणाला की आता आपल्या घरातले तारे. सगळे जांभळे टी-शर्ट उठून उभे राहिले. लव्हेलने डीजेकडे हात करून नको नको केलं, पण त्याला वाटलं मुलगा लाजतोय. त्याच्याकडे तू दिलेली टेप होती, रेडिओवरून उतरवलेली. टायरीने माइक घेतला. लव्हेल तिथेच खांबासारखा उभा.

गाणं सुरू झालं. टायरी पायाने ताल धरून हसत होता. त्याने मला हाताने खूण केली, की आता तुझं येतंय. त्याची जागा आली, त्याने माइक तोंडाशी नेला, पहिला शब्द म्हटला, आणि वर सॅक्सोफोन चालूच. त्याला वाटलं आपण लवकर घुसलो. थांबला. पुन्हा घुसला. पुन्हा सॅक्सोफोन. तिसऱ्यांदा त्याने तोंड उघडलं आणि शब्द काढलाच नाही. त्याला कळलं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, नेमकं कधी कळलं ते मला दिसलं.

लहान मुलं हसली, त्यांना ती नक्कल वाटली. थोरल्या मावशीने मोठ्याने विचारलं, पोराला बरं नाही का. गाणं संपेपर्यंत तो माइक हातात धरून उभा राहिला, पळाला नाही. मग टाळ्या झाल्या. अलोंझो, आपल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्याने माइक नीट डीजेच्या टेबलावर ठेवला आणि कागदी ताटल्या गोळा करायला लागला. लव्हेल त्याच्या मागे मागे, टायरी ऐक, टायरी ऐक. टायरीने त्याच्या हातात कचऱ्याची पिशवी दिली आणि म्हणाला, धर.

तेवढंच. बर्मिंगहॅमपासून डेट्रॉइटपर्यंत गाडीत तो एक शब्द बोलला नाही. घरी आल्यापासून पुन्हा हो आणि नाही. तळघराचा दिवा लागत नाही. तू म्हणायचास तसा सिटी बसवर अर्ज केलाय त्याने. तुझं मागणं देवाने ऐकलं, तुझ्या लेकाची पाठ मोकळी झाली.

गाणं इथेही वाजायला लागलंय. सुपरमार्केटात टोमॅटो निवडताना लागलं. मी टोमॅटो तिथेच टाकून बाहेर आले.

लोभ कुठे ठेवलाय ते सध्या सापडत नाही. सापडला की लिहीन.

ताई


फोर्ट लॉडरडेल, फ्लोरिडा,
१७ जानेवारी १९९९

ती. आत्यास,

लव्हेलचा नमस्कार. तू तो घ्यावास अशी माझी लायकी नाही, तरी करतो, वि. वि.

माझे फोन तू ठेवून देतेस, म्हणून लिहितो. गाणं रेडिओवाल्यांच्या यादीत पहिल्या नंबरला गेलं हे तुला कळलं असेल. मी आता सहलीच्या मोठ्या बोटीवर वाजवतो. बोट बेटांना वळसा घालून परत येते, दर आठवड्याला तीच बेटं. लोक पोहण्याच्या तलावात बसून ऐकतात. मागच्या आठवड्यात ऐन गाण्यात एका गृहस्थाने मला टॉवेल मागितला. मी आणून दिला, आणि गाणं थांबल्याचं कोणाला कळलं नाही. आत्या, तू पहिल्याच आठवड्यात जे म्हणाली होतीस ते बरोबर होतं. घाम नाही ह्यात.

सही का केली, ह्याचं उत्तर मी रोज बदलून बघतो. खरं एवढंच की मला माझा आवाज रेडिओवर ऐकायचा होता, आणि त्यासाठी दुसऱ्याचा द्यायला मी तयार झालो. मेळाव्यात मी भ्यालो होतो. दुसरं काही नव्हतं.

आता कंपनीला दुसरी रेकॉर्ड काढायची आहे आणि दौराही करायचा आहे. नाव ‘सिल्क अँड ग्रॅव्हल’ लोकांना पाठ झालंय, जाहिरातीत दोन माणसं दाखवली आहेत, त्यामुळे दोघे लागतात. टायरीने काळा चष्मा लावून माझ्या शेजारी उभं राहायचं, मान हलवायची, हवं तर खंजिरी वाजवायची. माइक नसेल. मिस्टर प्रेस्कॉट म्हणतात, त्याचं उभं राहणं फार छान आहे. पगार बसपेक्षा पुष्कळ जास्त.

मला माहीत आहे हे कसं दिसतं. पण तो शेजारी असला तर एखाद्या गावात, एखाद्या रात्री, मी माझा माइक त्याच्यापुढे धरू शकेन असं मनात येतं. तू त्याला सांगून बघशील? तुझं तो ऐकतो.

तुझ्या मायेची सवय लागली होती, ती सोडवत नाही.

तुझा,
लव्हेल


डेट्रॉइट,
७ फेब्रुवारी १९९९

प्रिय लव्हेल,

सलाम वि. वि.

आईला लिहिलेलं पत्र आईने माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि म्हणाली, ज्याचं उत्तर त्याने द्यावं, मी कोणाची टपालवाली नाही. म्हणून मी लिहितोय.

मी येत नाही. माझं उभं राहणं छान आहे हे ऐकून बरं वाटलं, पण बसमध्ये मी बसून असतो आणि लोक मला पत्ता तरी विचारतात. तुझ्या मिस्टर प्रेस्कॉटना सांग की कापडाच्या दुकानात पुतळे मिळतात, त्यांना चष्माही लावता येतो. आणि तू ती रात्रीची गोष्ट लिहिली आहेस, तुझा माइक माझ्यापुढे धरण्याची. भावा, तू मेळाव्यात घरच्या माणसांसमोर धरला नाहीस, तलावात बसलेल्यांसमोर काय धरणार. उगाच स्वप्नं बघू नकोस, त्याने वाजवणं अजून गुळगुळीत होतं. नावातलं ‘सिल्क’ तू घे, तुला शोभतं. ‘ग्रॅव्हल’ माझं आहे, ते मी कंपनीला भाड्याने देणार नाही.

मी तुझ्यावर फार रागावलो होतो. राग अजून आहे, पण आता रोज उठून रागवावं लागत नाही. त्याचं झालं असं.

गेल्या मंगळवारी आमचा हीटर बंद पडला. बाहेर बर्फ, आई दोन स्वेटर घालून जगाला नावं ठेवत बसलेली. मी गॅस कंपनीला फोन लावला. वाट बघा म्हणाले, आणि वाट बघताना वाजवतात ना काहीतरी, तिथे तू लागलास. ‘लिनवुडचा कोपरा’. मी फोन आपटणारच होतो, पण आपटला तर पुन्हा सगळ्यांच्या मागे रांगेत जावं लागतं. म्हणून धरून बसलो. आणि तुझं ऐकत गेलो. सुरुवातीचा तो भाग तू तळघरात बसवलास तेव्हा मी शेजारी चिप्स खात होतो. तो तू चांगला वाजवतोस, गाढवा. मग माझी जागा आली.

मी काही ठरवलं नव्हतं. फोनमध्ये म्हणायला लागलो. हळू आवाजात, मग जरा मोठ्याने. सॅक्सोफोनला काय चालायचं ते चालू दे म्हटलं, फोनच्या ह्या टोकाला मीच होतो. मध्येच तो बंद झाला आणि एक बाई बोलली, काय मदत करू. मी थांबलो नाही. मेळाव्यात थांबलो होतो, तेवढं पुरे झालं. मी कडवं शेवटपर्यंत म्हणून टाकलं. मग तिने पत्ता विचारला, मी दिला. माणूस दुपारपर्यंत पाठवते म्हणाली. आणि मग विचारलं, हे आत्ताचं जे होतं ते त्याच गाण्यातलं आहे का, मी दिवसभर ते गाणं ऐकते, मला नेहमी वाटतं की मध्ये कोणीतरी बोलायला हवं. कुठे मिळेल? मी म्हटलं, कुठेच नाही मिळत, बाई.

फोन ठेवला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात चमचा. मी मनात म्हटलं, झालं, आता शिव्या. तिने घालायच्या तेवढ्या घातल्या. सकाळच्या वेळी, गॅस कंपनीच्या परक्या बाईला, घरातल्या गोष्टी. मग म्हणाली, आणि सांगायचं तर अर्धवट कशाला सांगतोस, एक ओळ खाल्लीस.

खाल्ली होती. मुद्दामच. ती घरात असताना मी ती ओळ कधीच म्हणत नाही, तुला माहीत आहे. तळघरात म्हणतानाही मी तुला दार लावायला सांगायचो. आणि आईने कडवं एकदाच ऐकलंय, नदीकाठी, तेही तिला आवडलं नव्हतं.

लव्हेल, तिने ती ओळ म्हटली. चमचा तसाच हातात, चेहऱ्यावर मला ओरडतानाचेच भाव, आणि माझ्याच ठेक्यात, एक शब्द इकडचा तिकडे न करता. ‘रांधते दोघांपुरतं, वाढते तिसऱ्या ताटात.’ मग म्हणाली, तुझ्या बापालाही कोणी गाळलेलं आवडत नसे, आणि आत निघून गेली.

लोभ आहे. तो कमी कसा करायचा ते मला अजून जमलेलं नाही.

तुझा आतेभाऊ,
टायरी